माळ पुन्हा पुन्हा का तुटते? जपाची आणि ध्यानाची माळ ओवण्याविषयी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सासूबाईंची पंढरपूरहून आणलेली १०८ मण्यांची तुळशीची जपमाळ दोन वर्षांत तीनदा तुटली. शेवटच्या वेळी नायलॉनचा दोरा घातला, तरी चार महिन्यांत सुटलीच. ती घरच्या घरी नीट ओवता येईल का? शिवाय तुमची शेजारीण विहारात जाते, आनापान करते. श्वास मोजायला तिला माळ हवी आहे, पण बौद्धांनी माळ वापरावी का आणि वापरली तर कशाची, हे तिला कळत नाही. दोघींनाही उत्तर देतो. आधी तुटण्याचं बघू, कारण ओवण्याची सगळी पद्धत त्यातूनच ठरते.

माळ म्हटली की माणसं मण्यांची चौकशी करतात. तुळस अस्सल आहे का, रुद्राक्ष किती मुखी. रोज हातात फिरणारी माळ मात्र टिकते ती दोऱ्यावर, भोकाच्या कडांवर आणि दोन मण्यांमधल्या मोकळ्या जागेवर. मणी उत्तम आणि दोरा वाईट, अशी माळ वर्ष काढत नाही. साधे मणी आणि नीट गाठवलेला दोरा असेल तर तीच माळ माणसाला पुरून उरते.

तुटलेला दोरा अजून टाकला नसेल तर उजेडात धरून टोक बघा. टोक पिंजलेलं, केसाळ असेल तर दोरा घासून घासून गेला आहे. एकतर तो भोकाच्या मानानं बारीक होता, किंवा मणी इतके दाटीनं बसवले होते की माळ वाकली की प्रत्येक भोकाच्या तोंडाशी दोरा रगडला जायचा. ब्लेडनं कापल्यासारखं स्वच्छ टोक असेल तर कुठल्यातरी मण्याच्या भोकाची कड धारदार आहे. स्फटिकाच्या मण्यांत आणि चांदीच्या टोप्या घातलेल्या रुद्राक्षांत हे हमखास होतं. टोपीची आतली कड दोऱ्यावर करवतीसारखी चालते. दोरा काळपट, कडक आणि चिमटीत धरून ओढला की तुटणारा असेल तर तो घामानं आणि तेलानं खराब झाला आहे. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, हात सतत घामेजलेले. घामातलं मीठ दोऱ्यात वाळतं, दोरा ताठरतो आणि मग वाकताना मोडतो. ज्या घरांत विभूती लावायची पद्धत आहे, तिथं त्यात आणखी भर पडते. विभूतीची बारीक पूड भोकांत जाऊन बसते आणि आतून दोरा खरवडते. म्हणून विभूती लावून हात धुवावेत, पुसावेत आणि मगच माळ घ्यावी.

चौथा प्रकार तुमच्या नायलॉनचा. तो बहुधा तुटलाच नसेल, गाठ सुटली असेल. टोक कुरळं, गाठीच्या आकाराचं राहिलं असेल तर खात्रीच समजा. नायलॉन गुळगुळीत असतो, साधी गाठ त्याच्यावर पकड घेत नाही. शिवाय तो ताणाखाली हळूहळू लांबतो. दोन महिन्यांत माळ सैल होते, मण्यांमधून दोरा दिसायला लागतो आणि अंगठ्याखालून दोन-दोन मणी एकदम निसटतात. मोजणी चुकते ती तिथं. नायलॉन मजबूत असतो हे खरं, पण ही ताकद ओझं उचलण्याची आहे. माळेला ती फारशी लागत नाही.

कुठल्याही कारणानं तुटली तरी बहुतेक माळा मेरुमण्याच्या, म्हणजे गोंड्याजवळच्या १०८ वर एक जास्तीच्या मण्याच्या, आसपासच तुटतात. तिथं माळ प्रत्येक फेरीला उलटी फिरवली जाते, खुंटीला अडकवली तर भार तिथंच येतो आणि गोंड्याला लहान मूल लोंबकळतं तेही तिथंच. माळ तपासायची झाली तर मेरूच्या दोन्ही बाजूंचे पाच-पाच मणी सरकवून खालचा दोरा बघा. बाकीची माळ बघितली नाही तरी चालेल.

आता दोरा. आपलं गाव सुताचं, तेव्हा घरात कुठं ना कुठं सुताचा कोन सापडतोच, आणि तोच वापरायचा मोह होतो. तो वापरू नका. चादरीचं सूत जाड पण सैल पिळाचं असतं, चादर मऊ लागावी म्हणून. माळेत ते महिन्याभरात कापसासारखं पिंजतं. माळेसाठी किमान तीन पदरी, घट्ट पिळाचा, मर्सराइज्ड (प्रक्रिया करून मजबूत, चकचकीत केलेला) सुती दोरा हवा. जाडी भोकाच्या पाऊणपट. तुळशीच्या ८ मिलिमीटरच्या मण्याला साधारण सव्वा ते दीड मिलिमीटरचं भोक असतं, म्हणजे दोरा १ मिलिमीटरच्या आसपास. मंगळसूत्र गाठवणाऱ्या पटवेकऱ्यांकडे रेशीम मिळतं. ते मजबूत, गाठ छान धरणारं. पण घामानं सुतापेक्षा लवकर खराब होतं आणि काही जणांना अहिंसेच्या कारणानं नको असतं. विणलेला पॉलिएस्टर दोरा टिकण्यात सगळ्यांच्या पुढं आहे आणि फारसा लांबतही नाही. रोज ११ माळा करणाऱ्या माणसानं तो वापरला तर माझी हरकत नाही. सासूबाईंच्या माळेला मात्र सूतच घ्या. तुळशीचा मणी मऊ असतो, कडक दोरा उलट मण्याचंच भोक मोठं करत जातो.

किती लांब कापायचा? मण्याची रुंदी गुणिले १०८, ही झाली मण्यांची ओळ. ८ मिलिमीटरच्या मण्यांची ८६ सेंटीमीटर. मण्यांमध्ये गाठी मारायच्या नसतील तर या लांबीच्या दुप्पट, म्हणजे पावणेदोन मीटर. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारायची असेल तर चौपट, म्हणजे साडेतीन मीटर. १ मिलिमीटरच्या दोऱ्याची एक साधी गाठ साधारण सेंटीमीटरभर दोरा खाते आणि अशा शंभरावर गाठी असतात. शंका असेल तर पहिले १० मणी गाठवून किती दोरा गेला ते मोजा आणि हिशेब करा. निम्म्या माळेवर दोरा संपला तर जोड देऊ नका. जोडाची गाठ भोकातून जात नाही आणि गेली तर तिथंच झिजते.

दोरा कापला की ओला करा, एका टोकाला अर्धा किलोचं वजन बांधून रात्रभर टांगून ठेवा. नवं सूत पहिल्या काही दिवसांत लांबतं. ते लांबणं ओवण्याआधीच उरकून घ्यायचं. वाळल्यावर मधमाशीच्या मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढून घ्या आणि चिमटीनं चोळा. मेण फार झालं तर धूळ धरतं. दोऱ्यावर पांढरा थर दिसला की जास्त झालं. सुईऐवजी दोऱ्याच्याच टोकाला सुई करता येते: शेवटचे ४ सेंटीमीटर लाकडाला वापरतात त्या पांढऱ्या गोंदात बुडवा, पीळ देऊन टोकदार करा, वाळल्यावर तिरकं कापा. झटपट चिकटणारा पातळ गोंद दोऱ्याला कुठंही लावू नका, शेवटच्या गाठीलाही नाही. तो सुतात झिरपतो, दोरा काचेसारखा ठिसूळ होतो आणि गोंद जिथं संपतो बरोब्बर तिथंच मोडतो. ‘गाठ पक्की केली होती तरी तुटली’ ही तक्रार येते ती बहुतेक यामुळंच.

मणी ओवण्याआधी एकेक भोक बघायचं. टाचणी घालून फिरवली की कड कुठं बोचते ते कळतं. लाकडी मण्याला ४०० नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून तोंडाशी दोन-चार वेढे द्या, पुरे. आतली जुनी घाण दाभणानं कोरू नका, तुळस चिरते. कोरडा टूथब्रश आणि भोकातून ओढलेला जाड दोरा यानं ती निघते. चिरलेले मणी बाजूला काढा. चीर भोकापर्यंत गेलेली असेल तर तो मणी पुन्हा माळेत घालू नये.

खाली घडी घातलेला जाड टॉवेल अंथरा, म्हणजे मणी घरंगळणार नाहीत. दहा-दहाचे ढीग करा: दहा ढीग आणि वर आठ. मोजण्यातली चूक इथं सापडली तर बरी, गोंडा बांधल्यावर नको. मण्यांच्या आकारात थोडा फरक असतोच. मोठे मणी मेरूजवळ आणि लहान मध्ये, असे लावले तर माळ हातात चांगली पडते. रुद्राक्षाला आणखी एक नियम आहे. मण्याची उंच बाजू ती मुख, सखल बाजू ती पुच्छ. मुखाला मुख आणि पुच्छाला पुच्छ लागेल असं ओवायची जुनी रीत आहे. रीत पाळायची तर ढीग करतानाच मणी त्या तोंडानं मांडून ठेवावेत, कारण ओवताना हमखास विसरतं.

गाठीची माळ की बिनगाठीची, हा निर्णय तुमचा. गाठी असल्या की मणी एकमेकांवर घासत नाहीत, बोटाला प्रत्येक मणी वेगळा लागतो आणि तुटली तरी एखादाच मणी पडतो. दोन-अडीच वेढ्यांच्या गाठीला ब्रह्मगाठ म्हणायची पद्धत आहे. ती साध्या गाठीपेक्षा जाड बसते, म्हणून मोठ्या भोकाच्या मण्यांना तीच लागते. गाठ भोकाहून मोठी हवी, नाहीतर तिचा काही उपयोग नाही. मारताना गाठीचा फास सैल ठेवा, त्यात दाभणाचं टोक घाला, दाभणानं फास मण्याला भिडवा आणि मग दाभण काढत काढत दोरा ओढा. बोटानं ढकलली तर प्रत्येक गाठ वेगळ्या अंतरावर बसते. तरीही गाठ मण्याला चिकटवून आवळायची नाही. नखभर फट राहू द्या. नवशिक्यांची माळ काठीसारखी ताठ होते ती इथं.

बिनगाठीची माळ असेल तर सगळे मणी ओवून झाल्यावर एका बाजूला सरकवा. दुसऱ्या बाजूला चार मण्यांएवढा, म्हणजे सुमारे ३ सेंटीमीटर दोरा उघडा दिसला पाहिजे. एवढी ढील असली की अंगठ्यानं ओढलेला मणी मागच्यापासून सुटा होतो. याहून कमी असेल तर माळ ताठ राहते आणि दोरा कापला जातो. याहून जास्त असेल तर मणी आपोआप घसरतात.

शेवटी मेरुमणी. दोन्ही टोकं एकाच दिशेनं त्याच्यातून वर काढायची, म्हणून त्याचं भोक २.५ ते ३ मिलिमीटर लागतं. लहान असेल तर बारीक गोल कानशीनं वाढवा. वर आल्यावर उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून अशी गाठ मारा. दोन्ही वेळा एकाच बाजूनं घेतलं तर गाठ सरकते, आणि घाईत तसंच होतं. त्यावर आणखी एक गाठ, मग गोंडा. ८ सेंटीमीटरच्या पुठ्ठ्यावर सुताचे पन्नासेक वेढे घेतले की जपमाळेला पुरेसा गोंडा होतो. माळेच्या दोऱ्याची उरलेली टोकं गोंड्यातच सोडायची, कापायची नाहीत. पुढं कधी गाठ सैल झाली तर तेवढाच दोरा हाताशी असतो.

मणी कोणते हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण काही मणी चिरलेले निघाले तर चार-सहा नवे लागतील. तुळशीचे मणी पंढरपुरातूनच आणा. तिथं काशीकापडी समाजातले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ते करतात. मणी हलका असतो, देठाच्या मधला गाभा भोकाच्या कडेला फिकट दिसतो आणि वास अगदी मंद असतो. घमघमाट आला तर अत्तर लावलेलं आहे. ओल्या पांढऱ्या फडक्यावर चोळून रंग सुटला तर रंगवलेलं लाकूड आहे. सगळे मणी छापातून काढल्यासारखे एकसारखे आणि चकचकीत असतील तर ते बहुतेक दुसरं लाकूड असतं. एक गोष्ट लक्षात असू द्या: वारकऱ्याच्या गळ्यातली माळ वेगळी, जपाची वेगळी. गळ्यातली घातली की उतरवत नाहीत, ती व्रताची खूण आहे. तिच्यावर जप करत नाहीत.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर रुद्राक्ष विकायला येतात तेव्हा दोन परीक्षा करून दाखवल्या जातात: पाण्यात बुडतो का, आणि तांब्याच्या दोन नाण्यांमध्ये फिरतो का. दोन्हींना अर्थ नाही. पिकलेलं, जड बी बुडतं आणि वाळलेलं अस्सल बी तरंगतं. नाण्यांमधलं फिरणं दाब कसा देता त्यावर आहे. रुद्राक्ष हे फळाचं कठीण बी; जितक्या उभ्या रेषा बाहेर (त्यावरूनच किती मुखी ते मोजतात), साधारण तितके कप्पे आत. हे आडवं कापून किंवा एक्स-रे काढूनच कळतं. चिकटवलेला मणी गरम पाण्यात अर्धा तास उकळला की बरेचदा उकलतो. जपासाठी पंचमुखीच घ्या. तो सर्वांत जास्त पिकतो, म्हणून त्याची नक्कल करण्यात कुणाचा फायदा नाही. नेपाळचा मणी मोठा, इंडोनेशियाचा ५ ते १० मिलिमीटरचा, बारीक. १०८ ची माळ हातात फिरवायची तर बारीक मणीच सोयीचा. लिंगायत परंपरेत रुद्राक्ष अष्टावरणांपैकी, म्हणजे भक्ताला राखणाऱ्या आठ आवरणांपैकी, एक आहे. सिद्धरामेश्वरांच्या या गावात तो घरोघरी अंगावर असतो आणि म्हणूनच त्याची फसवणूकही इथं जास्त चालते. गोल एकमुखी कुणी देऊ केला तर पैसे खिशातच राहू द्या.

स्फटिकाबद्दल एवढंच: काच स्फटिकापेक्षा मऊ असते, स्फटिकानं काचेवर चरा पडतो. आत गोल बुडबुडे दिसले तर काच.

आता तुमच्या शेजारणीचं. तिची शंका रास्त आहे. पाली परंपरेत भिक्खूच्या आठ वस्तू सांगितल्या आहेत: तीन चीवरं (वस्त्रं), भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. त्यात माळ नाही. उपोसथाच्या (पौर्णिमा-अमावस्येसारख्या व्रताच्या दिवसाच्या) अष्टशीलात ‘मालागंधविलेपन’ वर्ज्य म्हटलं आहे, पण तिथला ‘माला’ म्हणजे फुलांचा हार, शोभेचा. मोजण्याच्या मण्यांशी त्याचा संबंध नाही. फक्त त्या दिवशी माळ गळ्यात दागिन्यासारखी घालू नये. इगतपुरीच्या धम्मगिरीसारख्या विपश्यना केंद्रांत शिबिराला जाणार असेल तर माळ घरी ठेवावी लागेल. त्यांच्या नियमांत माळा, स्फटिक, ताईत आणू नयेत असं स्पष्ट आहे, कारण तिथं श्वास मोजायचा नसतो, नुसता पाहायचा असतो.

पण माळ बौद्धांची नाहीच, असंही नाही. महायानात, म्हणजे चीन, जपान, तिबेटातल्या बौद्ध शाखेत, ती फार जुनी आहे. चिनी त्रिपिटकातल्या एका छोट्या सूत्रात, राज्यकारभारानं पिचलेल्या राजाला बुद्ध १०८ बियांची माळ जवळ ठेवायला आणि एकेक बी ओढत बुद्ध, धम्म, संघ यांचं स्मरण करायला सांगतात. ती बी कशाची? रिठ्याच्या कुळातल्या झाडाची. तिबेटी लोक १०८ ची माळ वापरतात आणि तिला दहा-दहा लहान मण्यांच्या दोन लडी जोडतात, फेऱ्या आणि दहादहा फेऱ्या मोजायला. पाली परंपरेच्या, थेरवादी म्यानमारमध्येही १०८ मण्यांची माळ आहे. तिच्यावर ‘अनिच्च, दुक्ख, अनत्त’ किंवा बुद्धगुण म्हणतात. १०८ हा आकडाही उसना नाही. पाली सुत्तांत वेदनांचे १०८ प्रकार मोजलेले आहेत: सहा इंद्रियांवर सुखद, दुःखद, तटस्थ असे १८; ते संसाराशी बांधलेले किंवा त्यागाशी बांधलेले म्हणून ३६; आणि भूत, वर्तमान, भविष्य धरून १०८. आपल्याकडचा हिशेब दुसरा: २७ नक्षत्रं आणि प्रत्येकाचे ४ चरण. आकडा एक, वाटा दोन.

तेव्हा तिला तुळशीची किंवा रुद्राक्षाची माळ घ्यायला सांगू नका. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ते मणी नको वाटणं स्वाभाविक आहे आणि त्याचा मान ठेवावा. बाजारात ‘बोधीबीज’ म्हणून मिळणाऱ्या माळा पिंपळाच्या नसतात. पिंपळाचं बी राईहून लहान, त्याला भोक पाडणं शक्यच नाही. नेपाळमधले महागडे बोधी मणी बोरीच्या कुळातल्या एका झाडाचे असतात. त्यापेक्षा मी रिठा सांगेन: स्वस्त, टिकाऊ आणि त्या जुन्या सूत्राला धरून. काष्ठौषधीच्या दुकानातून सुमारे १२५ अखंड रिठे आणा. १०९ लागतात, बाकीचे फुटण्यासाठी. वरचं साल भिजवून काढा, पण हात डोळ्यांना लावू नका, फेस झोंबतो. काळ्या बिया धुऊन आठवडाभर सावलीत वाळवा. लाकडाच्या ठोकळ्यात बी बसेल असा खळगा करा, त्यात बी दाबून धरा आणि दीड मिलिमीटरच्या बिटानं दोन्ही बाजूंनी निम्मं-निम्मं भोक पाडा. एकाच बाजूनं आरपार गेलात तर दुसरीकडची कवची उडते. आतला पांढरा मगज भोकातून तारेनं जमेल तेवढा काढा, नाहीतर किडे लागतात. बिया आपोआप गुळगुळीत असतात, पॉलिशची गरज नाही. ओवणं वर सांगितलं तसंच. नुसत्या श्वासासाठी २७ ची लहान माळही चालते. चार फेऱ्यांत १०८ होतात.

फिरवायची कशी, याबद्दल दोघींसाठी. हिंदू रीतीत माळ उजव्या हातात, मधल्या बोटावर, अंगठ्यानं मणी आपल्याकडे ओढायचा, तर्जनी दूर. हात छातीच्या उंचीवर, गोमुखीत (माळ झाकायच्या कापडी पिशवीत) घातला तर उत्तम. मेरू ओलांडायचा नाही, माळ उलटवून परत यायचं. तिबेटी लोक बरेचदा डाव्या हातात, तर्जनीवर धरतात. शेजारणीनं ज्या हातात खांदा आखडत नाही त्या हातात धरावी. कोपराखाली उशी घ्या दोघीही. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागतं ते मणी दाबून धरल्यामुळं. मणी ओढायचा, चिमटायचा नाही.

वेळेचा अंदाज असू द्या. ‘श्री स्वामी समर्थ’ किंवा ‘रामकृष्णहरी’ स्पष्ट म्हटलं तर एका माळेला अडीच-तीन मिनिटं लागतात. अक्कलकोटला जाणारी मंडळी रोज ११ माळांचा नेम धरतात, त्याला अर्धा तास लागतो. गायत्री २४ अक्षरांची, तिची एक माळ ११ ते १४ मिनिटांची. श्वासाची माळ, म्हणजे एका उच्छ्वासाला एक मणी, नेहमीच्या श्वासाला ७ ते ९ मिनिटं आणि शांत झालेल्या श्वासाला पंधरापर्यंत. घड्याळ लावून तीन दिवस बघा. नामाची माळ मिनिटभरात होत असेल तर बोट मंत्राच्या पुढं धावतंय. श्वासाच्या माळेत उलटं होतं: मणी ओढता यावा म्हणून श्वास ओढला जातो. श्वास आपल्या गतीनं बाहेर पडू दे, तो संपला की मणी हलव, असं शेजारणीला सांगा. मणी श्वासाच्या मागून येतो.

मन भरकटलं तर माळ पहिल्यापासून सुरू करू नका. आहे त्या मण्यावरून पुढं चला. पुन्हा सुरू करणाऱ्यांची माळ महिनाभरात खुंटीलाच राहते. जपाच्या मोजणीत १०८ ची माळ १०० च धरतात, वरचे ८ चुकलेल्या, अर्धवट पडलेल्या नामांसाठी. तिबेटी लोकही हाच हिशेब धरतात. म्हणजे एक लाखाचा संकल्प असेल तर १,००० माळा. फेऱ्या लक्षात राहत नसतील तर गोंड्याजवळ दहा सरकत्या मण्यांची लड जोडा. प्रवासात माळ नसली तर उजव्या हाताची पेरं आहेतच: अनामिकेचं मधलं पेर १, खालचं २, करंगळी खालून वर ३, ४, ५, अनामिकेचं वरचं ६, मधल्या बोटाचं वरचं ७, तर्जनी वरून खाली ८, ९, १०. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं मेरू, त्यांना शिवायचं नाही.

राखण्याबद्दल थोडं. तुळस आणि चंदन पाण्यात बुडवू नका, घालून अंघोळ नको. रुद्राक्ष कोरड्या ब्रशनं साफ करून सहा महिन्यांनी तिळाच्या तेलाचा हात द्या, दुसऱ्या दिवशी फडक्यानं पुसा. साबण लावला तर तो कोरडा पडून तडकतो. उन्हाळ्यात माळ कूलरसमोर ठेवू नका आणि गाडीच्या काचेमागेही नको. एकदा दमट, एकदा रखरखीत हवा मिळाली की लाकडी मणी भोकापासून चिरतात. सुती कापडाची पिशवी पुरते. प्लास्टिकच्या डबीत घाम आतच राहतो. रोजच्या वापरातला सुती दोरा वर्षाला एकदा बदला, तुटायची वाट बघू नका. सासूबाई एकादशीला पंढरपूरला जात असतील तर त्याच्या आधी आठवडाभर बदलणं सोयीचं.

जुना सुती दोरा आणि चिरलेले तुळशीचे मणी घरच्या वृंदावनातल्या मातीत पुरा, ते कुजून जातात. सिद्धेश्वर तलावात टाकू नका. आणि आधीचा तो नायलॉन मातीतही नको, कचऱ्यातच जाऊ द्या.